म्यानाच्या तोंडावरचा आकडा

आमच्या घरात जपानी तलवार आहे, हे मी कॉलेजात जाईपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून विश्वास कोण ठेवणार? सोलापूर म्हटलं की चादरी, टॉवेल आणि शेंगाचटणी. जपानी तलवार म्हटलं की समोरचा "हो का" म्हणून घड्याळ बघतो. पण होती. माझा आज्जा, म्हणजे वडिलांचे वडील, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढायला गेला होता, तो परत येताना ती घेऊन आला. होटगीजवळच्या आमच्या गावच्या घरात ती खुंटीला असायची. पुढं आज्जा गेला, आणि वडील मिलमध्ये नोकरीला म्हणून शहरात आले तेव्हा तीही आली. आता वडील जुळे सोलापुरातल्या माझ्या फ्लॅटवर राहतात आणि तलवार माळ्यावर राहते, जुन्या चादरीत गुंडाळून, गिझरच्या रिकाम्या खोक्याशेजारी.

वर्षातून एकदा ती खाली यायची, खंडेनवमीला, शस्त्रपूजेसाठी. आदल्या दिवशी आई चिंच आणि राख घेऊन बसायची आणि तलवारीचं पितळी कडं, म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधली ती चकती, देवाच्या समईसारखं लख्ख करायची. मग पात्याला खोबरेल आणि मुठीजवळ शेंदराचं बोट. आधीचा शेंदूर कुणी काढायचं नाही, त्याच्यावरच नवा. त्यामुळे तिथं जाड पापुद्रा बसला होता. तलवार म्यानातनं काढणं हे एक वेगळंच प्रकरण होतं. ती अडकायची. माझा भाऊ म्यान दोन पायांत धरायचा, मी मूठ ओढायची आणि आई म्हणायची, "वीराची हाय ती. उगीच कुणाच्या बी हाताला येत न्हाय." आम्हाला त्या अडकण्याचा केवढा अभिमान.

आण्णा, म्हणजे माझे वडील, त्या वेळी कधीच घरात नसायचे. झेंडू आणायला म्हणून बाजारात जायचे आणि आरती झाल्यावर पिशवी हलवत यायचे. दरवर्षी. आई चिडायची, "फुलं काय आता माझ्या डोक्यावर घालू?" आण्णा मूग गिळून बसायचे. लहानपणी मला वाटायचं, ह्यांना भाव करता येत नाही म्हणून उशीर होतो.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. पूजा आता माझ्याकडं आहे. गेल्या दसऱ्याच्या आधी मी स्टूल लावून, गुडघ्याला शिव्या देत, तलवार खाली काढली. आण्णा सोफ्यावर होते. चादरीची गाठ सोडतेय तोवर म्हणाले, "यंदा ती पुजू नको."

माझ्या नाकावर राग कायमचा बसलेला. बँकेत होते तेव्हा गिऱ्हाईकं माझ्या काउंटरला येण्याआधी एकमेकांकडं बघून घ्यायची. मी म्हटलं, "का? आयुष्यभर पुजलेली चालली, आता मी स्टुलावर चढून हाडं मोडून घेतल्यावर चालत नाही होय?"

"न्हाय पटत," आण्णा म्हणाले. "कवाच पटलं न्हाय."

मी चहा टाकला. आमच्या घरात कुणाला बोलतं करायचं तर चहा टाकायचा आणि आपण तोंड बंद ठेवायचं. दुसरं मला अवघड जातं, पण त्या दिवशी जमलं. कप निम्मा झाल्यावर त्यांनी सांगितलं.

आण्णा तेव्हा शाळेत, दुसरी-तिसरीत असतील. पोरांत फुशारक्या चाललेल्या. कुणाच्या बापानं विहीर खणली, कुणाच्या बापानं लांडगा मारला. आण्णांनी सांगितलं, माझ्या बापानं जपान्याला उभा कापला आणि त्याची तलवार आणली. पोरं गारच पडली. दिवे लागायच्या आत ही गोष्ट गावभर फिरून घरी पोचली. आज्जा गोठ्यात बैलांना वैरण टाकत होता. त्यानं पोराला हाक मारली, जवळ बोलावलं आणि अशी कानाखाली लगावली की आण्णा वैरणीत जाऊन पडले.

"त्येच्या आधी न्हाय आन् त्येच्या नंतर न्हाय," आण्णा म्हणाले. "माझ्या बापानं मला तेवढी एकच चापट मारली. आन् का मारली ते सांगितलं न्हाय. मी बी इचारलं न्हाय. इचारू इचारू म्हणत बाप गेला."

मी म्हटलं, "जाऊ द्या की आण्णा. कितीतरी वर्षं झाली."

"जाऊ देतोय की. पण कळंना झालंय. मी खोटं बोललो म्हणून मारलं, का खरं बोललो म्हणून मारलं?" ते कपाकडं बघत होते. "खरं असंल तर एवढी वर्सं आपण एका माणसाच्या मरणाला हळदकुंकू लावतोय. मला मरायच्या आधी एवढं कळलं पायजे, बाय."

ते झेंडू, ती पिशवी, आईची बोलणी, सगळं एकदम समजलं आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. ह्या माणसानं सगळं आयुष्य बायकोची बोलणी खाल्ली पण त्या पूजेला उभा राहिला नाही, आणि कुणाला कारण कळू दिलं नाही. मी म्हटलं, बघते मी. काय बघणार होते देव जाणे.

जुन्या हत्यारांच्या शौकीन लोकांचे मोबाइलवर गट असतात. तिथं विचारत विचारत पुण्याच्या एका निवृत्त गृहस्थांचा नंबर मिळाला. जपानी लष्करी तलवारींच्या मुठी, कडी, म्यानं यांच्यावरच्या खुणा ओळखायच्या, हाच त्यांचा नाद. मी फोन केला. आधी हवापाणी, दसरा, पुण्याची गर्दी. ताकाला जाऊन भांडं लपवायचा माझा स्वभाव नाही, पण आज्जानं माणूस मारला का हे अनोळखी माणसाला विचारायचं कसं? शेवटी म्हटलं, तलवार आहे, ब्रह्मदेशातून आलेली, कुठली ते कळेल का.

त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घासलीत का?"

"दरवर्षी," मी म्हटलं. "चिंचेनं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. लढाईच्या काळात अशा तलवारी कारखान्यात ढिगानं होत. कारखाना आपली खूण मारी, सरकारी तपासनीस आपला शिक्का मारी आणि तलवारीला आकडा पडे. खुणा बारीक असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. घासून गेल्या असल्या तर बोलणं संपलं. राहिल्या असतील तर तलवार कुठून निघाली आणि कशी फिरली, याचा थोडाफार अंदाज येतो.

मी कड्याचा फोटो पाठवला. चिंचेनं झिजलेलं असलं तरी त्याच्यावर ठिपक्याठिपक्यांची एक ओळ स्पष्ट होती. लहानपणापासून बघत आलेलो आम्ही. जपानी लिपी म्हणून भाऊ ती पाहुण्यांना दाखवायचा. पुण्याहून उत्तर आलं की अशी खूण त्यांनी कधी बघितलेली नाही. दोन-तीन जाणकारांना पाठवली आहे, एखाद्या लहान कारखान्याची दुर्मीळ खूण असू शकते. आठवडाभर त्यांचे फोन येत राहिले. इकडं आण्णांची अवस्था अशी की माझा मोबाइल वाजला की न्हाणीघरातनं ओरडायचे, "पुन्याचा हाय का?" गॅसवाल्याचा असला तरी.

त्यात आत्या आली. आण्णांची धाकटी बहीण, होटगीची. दसऱ्याला येताना ती ओल्या शेंगांचं पोतं आणते आणि आल्या आल्या माझ्या स्वयंपाकघरात चुका काढायला लागते. मी तिला मोबाइल दाखवला, बघ म्हटलं, पुण्यातले जाणकार सुद्धा चक्रावलेत. तिनं चष्मा वर सरकवला, फोटो बघितला आणि म्हणाली, "उलटं का धरलंयस? सरळ धर की."

सरळ धरलं.

"आगं, हे माझ्या आईनं घालून घेतलेलं नाव हाय. वाटनीच्या वक्ताला."

आज्जाची आणि त्याच्या भावांची वाटणी व्हायची होती तेव्हा आज्जीनं घरातली झाडून सगळी पितळेची भांडी बैलगाडीत घातली आणि सोलापुरात तांबटाकडं नेली, नावं घालायला. जावांचा तिला काडीचा भरवसा नव्हता. घागरी, तपेली, परात, तांब्ये. आणि सगळ्यात खाली, चादरीत, तलवार. लहानगी आत्या बरोबर होती. तांबट म्हणाला, ह्याच्यावर कुठं नाव घालतात का? आज्जी म्हणाली, "घागरीवर घातलंस, मग हिला काय सोनं लागलंय?" त्यानं बिचाऱ्यानं आज्जाच्या नावाचं आणि आडनावाचं पहिलं अक्षर ठोकून दिलं, आणि कडं गोल असल्यामुळं बरोबर उलटं ठोकलं. खाली जपान्याची काही खूण असलीच तर ती त्या ठिपक्यांखाली गेली.

मी हसता हसता खुर्चीतनं पडायची राहिले. आण्णाही हसले, पोट धरून, खोकला येईपर्यंत. मग हसू थांबलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "म्हंजी काय कळत न्हाय आता." मला त्या तांबटाचा इतका राग आला की तो हयात असता तर मी रिक्षा केली असती.

पुण्याला फोन करायची लाज वाटत होती. पण केला, सगळं सांगितलं. त्या गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मी आठवडाभर तुमच्या आजोबांच्या नावाचा अभ्यास करतोय." आणि मोठ्यानं हसले. तेव्हापासून मला तो माणूस आवडला. मग म्हणाले, कडं सोडून द्या. मुठीच्या तळाशी एक पट्टी असते ती बघा, पात्यावर मुठीजवळ बघा आणि म्यानाच्या तोंडाशी बघा. शेंदूर असला तर खरवडू नका, तेलानं भिजवून बांबूच्या काडीनं काढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत ऊन आलं तसं आम्ही दोघं वर्तमानपत्र पसरून बसलो. आत्या आत भाकरी थापत होती. कापसाचा बोळा तेलात बुडवून मी शेंदरावर ठेवला. पापुद्रा मऊ झाला, काडीनं वरचे थर निघाले, तर खालच्या एका थरात बोटाचा ठसा दिसला. माझ्या बोटाचा नव्हता, मी कापसानं लावते. आई बोटानं लावायची. मधलं बोट, थोडं वाकडं. माझा हात पुढं जाईना.

आण्णांनीही बघितलं. "काढ," ते म्हणाले. "ती काय त्यात बसलीय व्हय?"

असं म्हणाले आणि रस्त्याकडं तोंड करून बसले. मी काढला. खूप हळू काढला आणि निघालेला शेंदूर वर्तमानपत्रावर न टाकता वाटीत ठेवला. तो अजून देवघरात आहे. त्याचं काय करायचं ते मला माहीत नाही.

शेंदराखाली पातं नव्यासारखं होतं. आईच्या चिंचेचा हात तिथं कधी पोचलाच नव्हता. त्याच्यावर साध्या इंग्रजी आकड्यांत एक नंबर, काल ठोकल्यासारखा. मुठीच्या पट्टीवर दोन बारीक खुणा होत्या, एक फुलासारखी आणि एक गोलात कोरलेलं अक्षर. मग म्यानाच्या तोंडाशी साचलेला काळा मळ काढला. तिथंही नंबर निघाला आणि त्याच्या शेजारी एक शिक्का. मी पात्यावरचा नंबर मोठ्यानं वाचला. आण्णांनी म्यान डोळ्यांपाशी धरून त्याच्यावरचा वाचला. पुढचा एक आकडा सोडला तर काही जुळत नव्हतं. मी म्हटलं, तुमचा चष्मा बदलायला झालाय. मी वाचला. तरी जुळेना. फोटो काढून पाठवले.

फोन संध्याकाळच्या आत आला. ते गृहस्थ जरा नाराजच वाटले. म्हणाले, तलवार अस्सल आहे, पण मोठ्या अधिकाऱ्याची नाही, हवालदाराच्या दर्जाच्या शिपायाला मिळायची तशी. फुलासारखी खूण कारखान्याची, गोलातलं अक्षर तपासनिसाचं. "पण जोड नाही हो बाई. पातं आणि मूठ एका गावच्या शस्त्रागाराच्या तपासणीतली, म्यान दुसऱ्याच गावच्या. आकडे वेगळे, शिक्का वेगळा. दोन वेगवेगळ्या तलवारी आहेत ह्या. संग्रह करणारे अशीला नाक मुरडतात."

"म्हणून अडकते होय," माझ्या तोंडातनं निघालं.

"अडकणारच. दुसऱ्याचं म्यान आहे."

मी विचारलं, असं होतं कसं? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी ओट्याला टेकून, उभ्याउभ्या ऐकलं. लढाई संपली तेव्हा जपानी फौजांनी हत्यारं खाली ठेवली. तलवारींचे ढीग लागले. मोजताना, बघताना पाती बाहेर निघाली, म्यानं एकीकडं पडली. पुढं त्यातल्या कित्येक आपल्या शिपायांना आठवण म्हणून मिळाल्या. ज्याला जे म्यान बसलं ते त्यानं बसवलं. अशी विजोड तलवार दिसली की बहुतेक ती ढिगातली असते.

"म्हणजे कुणाला मारून घेतलेली नाही?" मी शेवटी विचारलंच.

त्यांना कळलं असावं, मी एवढे दिवस काय शोधत होते ते. "मारून घेतली असती तर साधारणपणे म्यानासकट घेतली असती," ते म्हणाले. "पण खात्री मी देऊ शकत नाही. लढाईतही म्यान बदलू शकतं. आणि ढिगात मेलेल्यांचीही हत्यारं असतातच." मग त्यांनी विचारलं, "कोणासाठी विचारताय?"

"वडिलांसाठी," मी म्हटलं.

"मग ढिगातलीच आहे असं समजा. मला तरी तसंच वाटतं."

मी गॅस बंद केला. आण्णा आणि आत्या बाहेर शेंगा सोलत बसले होते. मी जाऊन त्यांच्यासमोर खाली बसले तसा आण्णांचा हात शेंगेवर थांबला. मी सगळं सांगितलं. हवालदाराची तलवार, कारखान्याची खूण, तपासनिसाचा शिक्का, दोन वेगळे आकडे, ढीग. मधेच वाटलं, खात्री नाही हे गाळावं. पण ज्या माणसानं खोट्या बढाईचं ओझं एवढी वर्षं वाहिलं त्याच्याशी खोटं कसं बोलायचं? ते सांगितलं. मेलेल्यांच्या हत्यारांचं मात्र जिभेवर आलं आणि मी गिळून टाकलं.

आण्णांनी हातातली शेंग फोडली. मग म्हणाले, "लग्नाच्या पंगतीतनं भांडी घरला आली की झाकन एकाचं आन् डबा दुसऱ्याचा असतो, तसं."

"अगदी तसं," मी म्हटलं.

"नाव घातलेलं असलं तरी बदलतात," आत्या म्हणाली.

"मग मी खोटंच बोललो हुतो म्हण की." आण्णांच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं आणि ते हसत होते. "बापानं काय कुणाला मारलं न्हवतं. पोरगं उगीच त्येच्या नावावर खून घालतंय म्हणून चिडला. बराबर हाय. मी बी मारली असती." खोटारडा ठरल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा बघितला नाही. मला त्यांना पोटाशी धरावंसं वाटलं. आमच्याकडं असं करत नाहीत, म्हणून मी नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आत्यानं पदरानं नाक पुसलं. तिला हे चापटीचं प्रकरण त्याच आठवड्यात कळलं होतं. "एवढं मनात ठिवून बसायचं असतंय व्हय दादा? मला तरी इचारायचं."

"तुला ठावं हुतं?"

"न्हाय. पण इचारायचं की." मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "आता उद्या पुजायची का न्हाय?"

मी आण्णांकडं बघितलं. त्यांचं लक्ष नव्हतं. ते बोटांवर काहीतरी जुळवत होते.

"पातं एकाचं आन् म्यान दुसऱ्याचं," ते म्हणाले. "म्हंजी माणसं दोन झाली."

"हो."

"दोघांनी बी हत्यार खाली ठिवलं."

"हो, आण्णा."

"मग ती घरला गेली आसतील का?"

मला ब्रह्मदेश माहीत नाही, तिथली जंगलं माहीत नाहीत, कोण जगला आणि कोण वाटेत राहिला ते तर कुणालाच माहीत नाही. मी म्हटलं, "गेली असतील की."

"आसतील काय? नीट सांग."

"गेली, आण्णा. दोघंही घरी गेली."

त्यांनी मान हलवली. ब्रह्मदेशातनं बाप परत आला तेव्हा आण्णा चार-पाच वर्षांचे होते आणि त्यांनी त्याला त्याआधी कधी बघितलेलंच नव्हतं.

"बरं झालं," ते म्हणाले. "पोरं वाट बघत असतील त्यांची."